टर्मिनलमधील कमांड हिस्टरी: जुनी कमांड शोधायची कशी आणि पुन्हा वापरायची कशी?

कमांड हिस्टरी म्हणजे संगणकाच्या टर्मिनलमध्ये आतापर्यंत टाइप केलेल्या आज्ञांची यादी. ही यादी संगणक स्वतःहून ठेवतो. काल, मागच्या आठवड्यात किंवा चार महिन्यांपूर्वी दिलेली लांबलचक आज्ञा आठवत नसेल, तर ती या यादीतून शोधता येते, तशीच पुन्हा चालवता येते किंवा थोडा बदल करून वापरता येते. टर्मिनल रोज वापरणाऱ्यांचा बराच वेळ या एका सोयीमुळे वाचतो. याच सोयीमुळे चुकीची आज्ञा पुन्हा चालून फाइल पुसली जाऊ शकते, किंवा एखादा पासवर्ड नकळत साठून राहू शकतो. म्हणून शोधण्याच्या युक्त्यांबरोबर यादीच्या मर्यादाही माहीत असाव्यात.

या लेखात कमांड आणि बटनांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची असतात. आकडेही इंग्रजीतच द्यायचे असतात. फाइलचे नाव मात्र मराठीत असले तरी चालते.

आधी तीन शब्द

टर्मिनल म्हणजे अक्षरे टाइप करून संगणकाशी बोलण्याची खिडकी. त्या खिडकीत आपण लिहिलेले वाचून काम करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. शेलला दिलेली एक ओळ म्हणजे कमांड. हिस्टरी ठेवण्याचे काम टर्मिनलची खिडकी करत नाही, ते शेलचे काम आहे. त्यामुळे शेल बदलला की हिस्टरीचे नियमही थोडे बदलतात. उबुंटूसारख्या बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये बॅश हा शेल असतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झेड-शेल हा मुख्य शेल आहे. विंडोजमध्ये पॉवरशेल आणि जुना कमांड प्रॉम्प्ट असे दोन पर्याय मिळतात. खालील माहिती मुख्यतः बॅशची आहे. इतरांमधले फरक पुढे दिले आहेत.

ही सोय आली कुठून?

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात पडदा नव्हता. टेलिटाइप नावाच्या यंत्रावर टाइप केलेली प्रत्येक ओळ कागदाच्या गुंडाळीवर छापली जाई. मागे काय टाइप केले होते ते पाहायचे तर कागद वर ओढून वाचायचा आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची, एवढाच मार्ग होता. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलमध्येही हिस्टरी नव्हती.

त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. त्यात जुनी कमांड परत बोलावण्याची सोय होती, आणि ती उद्गारचिन्हावर चालत असे. बाणाची बटने दाबून ओळ वर-खाली सरकवण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे थोडक्या चिन्हांत "मागची कमांड", "मागच्या कमांडचा शेवटचा शब्द" असे सांगता येईल अशी छोटी भाषाच त्यांनी तयार केली. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला. त्यात उद्गारचिन्हाची ही भाषा घेतली गेली आणि बाणांनी मागे जाणे व शोध घेणे या सोयीही आल्या. आज एकाच कामासाठी दोन-तीन मार्ग दिसतात, त्याचे कारण हे आहे. ते वेगवेगळ्या काळातले आहेत आणि सगळेच टिकून राहिले आहेत.

एक उदाहरण: जालना जिल्ह्याचा पाऊस

समजा, जालना जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी पावसाच्या नोंदींवर प्रकल्प करत आहे. जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे ८ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याची एक फाइल आहे आणि फाइलचे नाव तालुक्याचेच आहे. प्रत्येक ओळीत पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात महसूल मंडळ आणि तिसऱ्यात त्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये आहे.

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. शेतीच्या नुकसानीची चर्चा होते तेव्हा हा आकडा महत्त्वाचा ठरतो. अंबड तालुक्यातील असे दिवस शोधण्यासाठी ती ही कमांड देते:

ऑक '$३ > ६५' अंबड > अंबड-निकाल

ऑक हा रकान्यांतून माहिती निवडणारा प्रोग्राम आहे. अवतरणातला भाग म्हणजे "तिसरा रकाना ६५ पेक्षा मोठा". अवतरणाबाहेरचे चिन्ह दिसायला तेच असले तरी त्याचा अर्थ वेगळा आहे. समोर आलेले उत्तर अंबड-निकाल या फाइलमध्ये लिहा, असे ते सांगते. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. पुढे सगळी गंमत आणि सगळा धोका या शेवटच्या वाक्यात आहे.

जुनी कमांड शोधण्याचे मार्ग

वरचा बाण: एकदा दाबला की मागची कमांड येते, पुन्हा दाबला की त्याच्या मागची. खालचा बाण उलट दिशेने आणतो. आलेली ओळ लगेच चालत नाही. ती दुरुस्त करता येते आणि एंटर दाबल्यावरच चालते. चार-पाच कमांड मागे जायचे असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. चाळीस वेळा बाण दाबण्यापेक्षा मात्र पुढचे मार्ग बरे.

हिस्टरी कमांड: हिस्टरी असे टाइप करून एंटर दाबले की क्रमांकासह पूर्ण यादी येते. यादी मोठी असेल तर हिस्टरी २० असे लिहून फक्त शेवटच्या २० कमांड पाहता येतात. एखादा शब्द असलेल्या कमांड हव्या असतील तर हिस्टरी | ग्रेप अंबड असे लिहितात. मधली उभी रेघ हिस्टरीची यादी ग्रेपकडे सोपवते आणि ग्रेप त्यातून अंबड हा शब्द असलेल्या ओळी निवडतो.

कंट्रोल-आर: सर्वांत उपयोगी मार्ग हाच. कंट्रोल बटन दाबून धरून आर दाबले की ओळीच्या सुरुवातीला शोध चालू असल्याची खूण दिसते. आता हव्या त्या कमांडमधला कोणताही तुकडा टाइप करायचा. तो कमांडच्या सुरुवातीचाच असला पाहिजे असे नाही. प्रत्येक अक्षराबरोबर जुळणारी सर्वांत अलीकडची कमांड समोर येते. ती नको असेल तर पुन्हा कंट्रोल-आर दाबायचे, म्हणजे त्याआधीची येते. हवी ती सापडली की दोन पर्याय असतात. एंटर दाबले तर ती लगेच चालते. उजवा बाण दाबला तर ती ओळीवर उतरते आणि बदलता येते. शोध सोडून द्यायचा असेल तर कंट्रोल-जी दाबावे.

शोधताना पुढे निघून गेल्यावर उलट परत येण्यासाठी कंट्रोल-एस आहे. पण अनेक टर्मिनलमध्ये हेच बटन पडदा थांबवते आणि टर्मिनल अडकल्यासारखे वाटते. अशा वेळी घाबरून खिडकी बंद करण्याचे कारण नाही. कंट्रोल-क्यू दाबले की पडदा पुन्हा चालू होतो.

आणखी सोपा शोध हवा असेल तर एफझेडएफ नावाचा मोफत प्रोग्राम बसवता येतो. तो कंट्रोल-आर दाबल्यावर एकेक कमांड न दाखवता जुळणाऱ्या कमांडची यादीच समोर ठेवतो.

कमांडला खूण बांधून ठेवणे

चार महिन्यांनी कमांडमधला कोणता शब्द आठवेल, हे सांगता येत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. बॅशमध्ये # या चिन्हानंतरचा मजकूर शेल वाचत नाही, पण हिस्टरीत तो साठवतो. म्हणून कमांडच्या शेवटी स्वतःच्या शब्दांत टीप लिहिता येते:

ऑक '$३ > ६५' अंबड > अंबड-निकाल # अतिवृष्टीचे दिवस

पुढे कधीही कंट्रोल-आर दाबून "अतिवृष्टी" लिहिले की ही ओळ सापडते. अर्धवट लिहिलेली कमांड नंतरसाठी राखून ठेवायची असेल, तर तिच्या सुरुवातीला हेच चिन्ह लावून एंटर दाबावे. कमांड चालत नाही, पण यादीत जमा होते. झेड-शेलमध्ये ही सोय सुरुवातीला बंद असते. तिथे इंटरॲक्टिव्ह-कमेंट्स हा पर्याय चालू करावा लागतो.

जुनी कमांड पुन्हा वापरण्याच्या खुणा

सी शेलपासून आलेली उद्गारचिन्हाची भाषा आजही बॅश आणि झेड-शेल या दोन्हींत चालते. तिच्या नेहमी लागणाऱ्या खुणा अशा:

!! म्हणजे मागची पूर्ण कमांड. एखादी कमांड परवानगी नाही म्हणून नाकारली गेली, तर सुडो !! असे लिहून तीच कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवता येते.

!२१५ म्हणजे यादीतली २१५ क्रमांकाची कमांड.

!-३ म्हणजे मागून तिसरी कमांड.

!ऑक म्हणजे ऑक या अक्षरांनी सुरू होणारी सर्वांत अलीकडची कमांड.

!$ म्हणजे मागच्या कमांडचा शेवटचा शब्द. आधीच्या कमांडमधले फाइलचे लांब नाव पुन्हा हवे असते तेव्हा ही खूण कामी येते. ऑल्ट बटन दाबून पूर्णविराम दाबला तरी तोच शब्द येतो. फरक एवढाच की तो समोर दिसतो, म्हणून हा मार्ग जास्त सुरक्षित आहे.

^जुना^नवा म्हणजे मागच्या कमांडमधला जुना शब्द काढून त्या जागी नवा घाला आणि कमांड चालवा.

इथेच उदाहरणातली विद्यार्थिनी फसू शकते

अंबडचे काम झाले, आता परतूर करायचे आहे. पूर्ण ओळ पुन्हा टाइप करण्याऐवजी ती ^अंबड^परतूर असे लिहून एंटर दाबते. वरवर पाहता सगळे बरोबर आहे. पण ही खूण शब्द फक्त पहिल्याच ठिकाणी बदलते. त्यामुळे प्रत्यक्षात चाललेली कमांड अशी असते:

ऑक '$३ > ६५' परतूर > अंबड-निकाल

परतूरचे दिवस अंबडच्या निकालात जाऊन बसले आणि अंबडचा खरा निकाल पुसला गेला. संगणकाने चुकीचा इशारा दिला नाही, कारण कमांड व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. आता ही फाइल उघडून कोणी अंबडमध्ये अतिवृष्टीचे दिवस किती ते मोजले, तर आकडा परतूरचा मिळेल.

सर्व ठिकाणी बदल हवा असेल तर खूण वेगळी आहे:

!!:जीएस/अंबड/परतूर/

यातले एस म्हणजे बदल आणि जी म्हणजे सगळीकडे. याने दोन्ही अंबड बदलून परतूर होतात आणि निकाल परतूर-निकाल या फाइलमध्ये जातो. आठही तालुके असे करता येतात.

चूक टाळण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, खुणेच्या शेवटी :पी जोडणे. त्यामुळे शेल बदललेली कमांड फक्त छापून दाखवतो, चालवत नाही. बरोबर वाटली तर वरचा बाण दाबून ती आणायची आणि एंटर दाबायचे. दुसरा, बॅशमध्ये हिस्ट-व्हेरिफाय हा पर्याय कायमचा चालू करणे. मग उद्गारचिन्हाची कोणतीही खूण वापरली की तयार झालेली कमांड आधी ओळीवर येते आणि पुन्हा एंटर दाबल्यावरच चालते. नवशिक्यांनी हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

हिस्टरीत काय नसते?

हिस्टरी फक्त टाइप केलेली ओळ साठवते. त्या ओळीचे उत्तर काय आले, हे तिला माहीत नसते. कमांड कोणत्या फोल्डरमध्ये उभे राहून दिली होती, हेही बॅश लिहून ठेवत नाही. वेळसुद्धा मुद्दाम सांगितल्याशिवाय फाइलमध्ये नोंदली जात नाही.

फोल्डरची नोंद नसणे ही सर्वांत धोक्याची बाब आहे. समजा, महिन्यापूर्वी एका तात्पुरत्या फोल्डरमधल्या सर्व फाइल पुसण्यासाठी आरएम * ही कमांड दिली होती. तिथे ती योग्यच होती. आज कंट्रोल-आरने आरएम शोधताना तीच ओळ समोर आली आणि सवयीने एंटर दाबले गेले, तर सध्या उघडलेल्या फोल्डरमधल्या फाइल जातील. टर्मिनलमध्ये पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणून पुसणाऱ्या कमांडमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिण्याची सवय ठेवावी. मग ती ओळ कुठूनही चालली तरी दुसरीकडच्या फाइलला हात लावत नाही. शिवाय !आरएम सारखी न पाहता चालणारी खूण पुसण्याच्या कामासाठी वापरूच नये.

हिस्टरी कुठे साठते आणि कधी हरवते?

बॅश ही यादी वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फाइलमध्ये ठेवतो. फाइलच्या नावात आधी टिंब, मग बॅश, मग खालची रेघ आणि शेवटी हिस्टरी असे येते. नाव टिंबाने सुरू होत असल्याने साध्या यादीत ती दिसत नाही. टर्मिनल चालू असताना दिलेल्या कमांड आधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात. खिडकी व्यवस्थित बंद केल्यावर त्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. मध्येच वीज गेली आणि संगणक बंद पडला, तर त्या दिवसाची यादी जाते. भारनियमनाची सवय असलेल्या भागात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिस्टरी -ए ही कमांड दिली की तोपर्यंतची नवी यादी लगेच फाइलमध्ये जोडली जाते.

दुसरी अडचण एकापेक्षा जास्त खिडक्यांची. बॅशच्या मूळ नियमानुसार प्रत्येक खिडकी बंद होताना फाइल नव्याने लिहिते. त्यामुळे शेवटी बंद झालेल्या खिडकीची यादी उरते आणि आधीच्या खिडकीची पुसली जाते. हिस्ट-अपेंड हा पर्याय चालू असेल तर जुन्या यादीच्या खाली नवी जोडली जाते. उबुंटूमध्ये हा पर्याय आधीच चालू असतो.

तिसरी मर्यादा संख्येची. काहीही बदल केला नसेल तर बॅश ५०० कमांड लक्षात ठेवतो. उबुंटूत चालू खिडकीसाठी १,००० आणि फाइलसाठी २,००० ओळींची मर्यादा ठरवलेली असते. मर्यादा ओलांडली की सर्वांत जुन्या ओळी गळतात. होम फोल्डरमधल्या बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ ही दोन मूल्ये वाढवून ही मर्यादा हवी तेवढी करता येते. ही नावे मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायची असतात.

त्याच फाइलमध्ये हिस्टटाइमफॉरमॅट हे मूल्य दिले की पुढच्या प्रत्येक कमांडसोबत तारीख आणि वेळ साठते. आधीच्या कमांडसमोरही मग वेळ दिसू लागते, पण ती खरी नसते. ज्या नोंदींना वेळ नाही त्यांना शेल सुरू झाल्याची वेळ चिकटवली जाते. त्यामुळे ही सोय काम सुरू करण्याआधीच चालू केलेली बरी. हा आकडा कोणत्या दिवशी, कोणत्या कमांडने काढला, असे मार्गदर्शकांनी किंवा वरिष्ठांनी विचारले, तर तारखेसह दाखवता येते.

हिस्टरी हा पुरावा मात्र नव्हे. ही साधी मजकुराची फाइल आहे आणि ज्याची आहे तो ती बदलू शकतो. महत्त्वाच्या कामात वापरलेल्या कमांड वेगळ्या फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवणे केव्हाही चांगले.

पासवर्ड आणि हिस्टरी

पासवर्ड हिस्टरीत दोन प्रकारे जातो. पहिला, कमांडमध्येच पासवर्ड लिहिल्यामुळे. डेटाबेस उघडताना किंवा दुसऱ्या संगणकाला जोडताना काही जण घाईत तो ओळीतच लिहितात. दुसरा, घाईमुळे. पासवर्ड विचारला जाईल असे समजून तो टाइप केला, पण प्रत्यक्षात साधी ओळ चालू होती. शेलला तो पासवर्ड म्हणजे एक कमांड वाटते. "अशी कमांड सापडली नाही" असे उत्तर येते, पण ओळ यादीत बसते.

हिस्टरीची फाइल सहसा फक्त तिच्या मालकालाच वाचता येते. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या कार्यालयात एकाच नावाने पाच-दहा जण लॉगिन करत असतील, तर त्या सर्वांची हिस्टरी एकच असते. वरचा बाण दाबणाऱ्या पुढच्या माणसाला आधीच्याचा पासवर्ड दिसू शकतो.

यावर उपाय असे:

पासवर्ड कमांडमध्ये लिहू नये. बहुतेक प्रोग्राम तो वेगळा विचारतात आणि तिथे टाइप केलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत जात नाही.

एखादी कमांड साठवायची नसेल तर तिच्या सुरुवातीला एक जागा सोडावी. उबुंटूमध्ये अशी ओळ हिस्टरीत जात नाही. इतर ठिकाणी हिस्टकंट्रोल या मूल्यात इग्नोअरस्पेस असे लिहावे लागते. झेड-शेलमध्ये यासाठी वेगळा पर्याय आहे.

पासवर्ड गेलाच असेल तर हिस्टरी कमांडने त्या ओळीचा क्रमांक पाहावा, हिस्टरी -डी आणि तो क्रमांक देऊन ती ओळ काढावी आणि मग हिस्टरी -डब्ल्यू देऊन फाइल नव्याने लिहावी. तेवढ्यावर थांबू नये. पासवर्डही बदलावा, कारण ती ओळ त्याआधी कोणी पाहिली होती का, हे हिस्टरी सांगत नाही.

पूर्ण यादी पुसण्यासाठी हिस्टरी -सी आहे. ती फक्त चालू खिडकीची यादी रिकामी करते. फाइलमधली यादीही घालवायची असेल तर नंतर हिस्टरी -डब्ल्यू द्यावे लागते. सामायिक संगणकावर असे करण्याआधी इतरांच्या कामाच्या ओळीही जातील, हे ध्यानात घ्यावे.

मराठी मजकूर शोधताना

फाइलची नावे किंवा टिपा मराठीत असतील तर हिस्टरी त्या जशाच्या तशा साठवते आणि कंट्रोल-आरने त्या शोधताही येतात. तरी काही अडचणी येतात. अनेक टर्मिनलमध्ये काना, मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, त्यामुळे कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे उमटते. कळफलक मराठीवर ठेवलेला असेल तर काही टर्मिनल कंट्रोल-आर ओळखत नाहीत. अशा वेळी कळफलक इंग्रजीवर आणून शोध सुरू करावा आणि मग मराठीवर जावे.

सर्वांत चकवणारी अडचण खास मराठीतली आहे. "शेतकऱ्यांची" या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत नुक्त्याचा र वापरला जातो, तर दुसऱ्या पद्धतीत साध्या र नंतर एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द आहेत. एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर तो सापडत नाही. अशा वेळी शब्दाचा सोपा तुकडा शोधावा. "शेतक" एवढे लिहिले तरी काम होते.

मॅक आणि विंडोजमधील फरक

मॅकच्या झेड-शेलमध्ये बाण, कंट्रोल-आर आणि उद्गारचिन्हाच्या खुणा चालतात. तिथे हिस्टरी एवढेच लिहिले तर शेवटच्या १६ कमांड दिसतात. पूर्ण यादीसाठी हिस्टरी १ असे लिहावे लागते. एवढीच यादी शिल्लक आहे असे समजून अनेक जण गोंधळतात.

विंडोजच्या पॉवरशेलमध्येही बाण आणि कंट्रोल-आर चालतात. तिथली यादी फाइलमध्ये साठते आणि खिडकी बंद केल्यावरही राहते. गेट-हिस्टरी ही कमांड मात्र फक्त चालू खिडकीतली यादी दाखवते. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफ-७ बटन दाबले की यादीची छोटी चौकट उघडते. खिडकी बंद केली की ती यादी जाते.

मराठीतून कुठे शिकता येते?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशवरचे छोटे व्हिडिओ धडे मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांतले अनेक मराठी निवेदनासह आहेत. धडा पाहत असतानाच शेजारच्या खिडकीत तीच कमांड चालवून पाहावी, अशी त्यांची रचना आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात मोठ्या शहरातला शिकवणी वर्ग न लावताही टर्मिनल शिकण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे.

एका नजरेत

मागची कमांड हवी: वरचा बाण.

जुन्या कमांडमधला एखादा शब्द आठवतो: कंट्रोल-आर आणि तो शब्द.

पूर्ण यादी हवी: हिस्टरी. झेड-शेलमध्ये हिस्टरी १.

मागच्या कमांडचा शेवटचा शब्द हवा: ऑल्ट आणि पूर्णविराम.

एकाच ठिकाणी बदल: ^जुना^नवा.

सगळीकडे बदल: !!:जीएस/जुना/नवा/.

चालवण्याआधी पाहायचे: शेवटी :पी.

साठवायची नाही: सुरुवातीला एक जागा, पर्याय चालू असल्यास.

आज कोणतेही सेटिंग बदलायचे नसेल तरी कंट्रोल-आर आणि उजवा बाण ही जोडी शिकून ठेवावी. कंट्रोल-आरने कमांड शोधायची, उजव्या बाणाने ती ओळीवर उतरवायची आणि फोल्डर, फाइलचे नाव व पुसणारी चिन्हे एकदा वाचूनच एंटर दाबायचे. वर सांगितलेल्या बहुतेक चुका या एका वाचनात पकडल्या जातात.